रात्री उशिरा जेवताय आणि छातीत जळजळतंय?
विरार नाहीतर कर्जत लोकलने घरी पोहोचायला दहा वाजतात, मग जेवून लगेच अंथरूण. घशाशी आंबट येण्याचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं, कारण भरल्या पोटी आडवं झालं की आम्ल सहज वर चढतं. जेवण आणि झोप यांत 2 ते 3 तास हवेत. ते जमत नसेल तर संध्याकाळी ऑफिसमध्येच डब्यातली पोळी-भाजी खाऊन घ्या आणि घरी फक्त मऊ वरणभात, तोही थोडाच. (स्टेशनवरचा वडापाव आणि कटिंग मात्र खरंच टाळा.) नुसत्या उशा रचून मान वाकते, त्यापेक्षा पलंगाचे डोक्याकडचे पाय विटांवर 15 ते 20 सेंटिमीटर उचला आणि डाव्या कुशीवर झोपा. थंड दुधाने बरं वाटतं, पण तात्पुरतं. डॉक्टरांनी पँटोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी दिली असेल तर ती नाश्त्याआधी अर्धा तास घ्या, जेवणानंतर तिचा उपयोग कमी होतो. मनानेच महिनोन्‌महिने घेऊ नका. घास अडकणं, वजन घटणं, शौचाला काळं होणं दिसलं तर डॉक्टरांना गाठा. छातीतलं दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, घाम फुटत असेल, तर अ‍ॅसिडिटी समजून थांबू नका, लगेच 108 ला फोन करा.