फवारणीच्या विषबाधेत सोबती गेला, तर पुरावा कसा सांभाळायचा

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण भरती झाले. त्यानंतर सरकारने प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन, फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड, असिफेट, डायफेन्थियुरॉन आणि मोनोक्रोटोफॉस या पाच औषधांवर पाच जिल्ह्यांत 60 दिवसांची बंदी घातली. पण बंदीने घरच्यांचा प्रश्न सुटत नाही. त्यांच्यापुढे सवाल एकच असतो: हा माणूस फवारणीनेच गेला हे दाखवायचं कशावरून? घरचे त्या वेळी भानावर नसतात. म्हणून हे काम सोबत्याने अंगावर घ्यावं.

सगळ्यात मोठी चूक दवाखान्याच्या दारातच होते. आणणारा घाबरून नुसतं "औषध लागलं" म्हणतो आणि केसपेपरवर "पॉइझनिंग" एवढंच उतरतं. पुढे त्याचा अर्थ विष घेतलं असा लावला जातो. आत्महत्या ठरली की अपघाताच्या योजनांची दारं बंद. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट सांगा: शेतात फवारणी करत होता, किती वाजता सुरू केली, किती वाजता मळमळ, घाम किंवा डोळ्यांची आग सुरू झाली, कोणतं औषध होतं, दोन औषधं एकत्र केली होती का. तसंच लिहिलं गेलं ना, हे वाचून घ्या. केस मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी, म्हणून नोंदवायला सांगा आणि तो नंबर टिपून ठेवा. आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत कीटकनाशकाच्या अपघाती विषबाधेचा संकेतांक एक्स 48 आहे, स्वतःहून घेतलेल्या विषाचा एक्स 68. मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय दाखल्यावर यातलं काय येतं, त्यावर पुढचं बरंच ठरतं.

रक्ताचा नमुना पहिल्याच दिवशी हवा. ऑर्गनोफॉस्फेट गटाचं औषध (वरच्या यादीतलं प्रोफेनोफॉस, असिफेट, मोनोक्रोटोफॉस) असेल तर रक्तातलं कोलिनेस्टरेज हे एन्झाइम घटतं. प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) आणि लाल पेशी, दोन्हींमधलं तपासायला सांगा. प्लाझ्मातलं काही आठवड्यांत भरून येतं, लाल पेशींतलं भरायला महिने लागतात. पाम, म्हणजे प्रॅलिडॉक्सिम हा विषावरचा उतारा, देण्याआधी रक्त काढलेलं उत्तम, पण त्यासाठी उपचार एक मिनिटही थांबवू नका. आणि एक ध्यानात ठेवा: डायफेन्थियुरॉन किंवा फिप्रोनिलने कोलिनेस्टरेज घटत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून विषबाधा नव्हती असं कुणी म्हणालं, तर औषधाचं नाव पुढे करा. उपचाराबद्दल शंका असेल तर दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र 1800 116 117 वर चोवीस तास डॉक्टरांशी बोलतं.

बरं वाटतंय म्हणून दुसऱ्या दिवशी सुट्टी मागू नका. ऑर्गनोफॉस्फेटमध्ये 24 ते 96 तासांत काहींची मान उचलेनाशी होते, श्वासाचे स्नायू ढिले पडतात. उठून बसलेला माणूस तिसऱ्या दिवशी जातो, तो असा.

तोवर कुणाला तरी शेतात पाठवा. रिकाम्या बाटल्या, पुड्या, पंपात उरलेलं द्रावण, अंगातले कपडे, यातलं काही धुऊ नका, पुरू नका. रबरी हातमोजे घालूनच उचला. आधी जागेवरच फोटो काढा: लेबल, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, विषारीपणाचा त्रिकोण. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पंप बॅटरीचा होता की हाताचा, कपाशी किती उंच होती, वारा कुठून होता, हेही लिहा. डोक्याएवढ्या कपाशीत फवारा थेट तोंडावर येतो. वस्तू घरी ठेवून घेऊ नका. पोलिसांना पंचांसमोर पंचनाम्यात जप्त करायला लावा, नाहीतर बाटली नंतर आणून ठेवली असं म्हणायला जागा राहते. कृषी केंद्राचं बिल बहुतेक वेळा शेतमालकाकडे असतं. त्याची प्रत लगेच मागा, आणि त्याच बॅचचा नमुना दुकानातून घ्यावा असा लेखी अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याला द्या.

मृत्यू झालाच तर शवविच्छेदनाशिवाय अंत्यविधी करू नका. घरच्यांना पटवणं जड जातं, तरी पटवा. साप, उष्माघात, हृदयविकार हेही असू शकतं, आणि ते वगळलं गेलं तरच फवारणीचा मुद्दा टिकतो. पोलिसांकडे मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल करून त्याचा क्रमांक घ्या. औषध पोटात नव्हे, कातडीतून आणि श्वासातून गेलेलं असतं. त्यामुळे नुसत्या जठर-आतड्याच्या व्हिसेऱ्यात (तपासणीसाठी काढून ठेवलेल्या अवयवांत) बहुतेक वेळा काही सापडत नाही आणि अहवाल कोरा येतो. रक्त, यकृत, मूत्रपिंड आणि औषध लागलेल्या जागेची कातडी राखावी, अशी लेखी विनंती तपास अधिकाऱ्यामार्फत डॉक्टरांना करा. रासायनिक तपासणीचे अवयव मिठाच्या संपृक्त द्रावणात जातात; फॉर्मॅलिनमध्ये घातले तर विष शोधण्याच्या कामाचे राहत नाहीत. व्हिसेरा ठाण्यातच आठवडे पडून राहणं हेही नेहमीचं. न्यायसहायक प्रयोगशाळेकडे तो कधी गेला, जावक क्रमांक काय, हे दर आठवड्याला विचारा.

दवाखान्याची संपूर्ण फाइल वारसाच्या सहीने मागा. मागणीपासून 72 तासांत प्रत देणं बंधनकारक आहे.

आता पैसे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूसाठी 2 लाख मिळतात. वय 10 ते 75, खातेदार किंवा त्याच्या कुटुंबातला एक जण. अर्ज 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, सोबत सातबारा, गाव नमुना 6-क (वारसांची नोंद), मृत्यूचा दाखला, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल. रासायनिक अहवाल यायचा असला तरी अर्ज रोखून धरू नका. तो नंतर जोडू असं लिहून पोच घ्या. भूमिहीन मजूर या योजनेत बसत नाही, आणि पंप पाठीवर बहुतेक तोच घेतो. त्याचं बँकेचं पासबुक बघा. वर्षाला 436 रुपये कापले गेले असतील तर पंतप्रधान जीवनज्योती विम्याचे 2 लाख मिळतात, त्यात मृत्यूचं कारण वादाचं नसतं. 20 रुपये कापले असतील तर तो पंतप्रधान सुरक्षा विमा. तिथे अपघात सिद्ध करावा लागतो. मालकाकडून भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणून अर्ज त्याच्या बायकोच्या नावाने करा.

अंत्यविधी आधीच उरकला असेल तर दावा लंगडा होतो, पण संपत नाही. ओपीडीची चिठ्ठी, मेडिकलचं बिल, त्या दिवशीचे फोन आणि फोटो, त्याच रानात फवारणाऱ्या दोघा-तिघांचे जबाब आठवडाभरात लिहून घ्या. मजुरीचं हजेरीपत्रक किंवा वही असेल तर तीही.

तुम्हीही त्याच्यासोबत फवारत असाल तर त्रास नसला तरी स्वतःची कोलिनेस्टरेज तपासणी करून घ्या. तुमचा रिपोर्ट त्याच्या केसमध्येही जोडता येतो. आकडा कमी आला तर डॉक्टर सांगेपर्यंत पंपाला हात लावू नका. झोप उडाली, सारखं तेच आठवत राहिलं, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.