जुनी मॅग व्हील्स घेताय? आधी चाक पालथं करा

माझी एमजीबी जीटी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार 1972 ची, टील ब्लू रंगाची. कारखान्यातून येताना तिला रोस्टाइल चाकं होती. ती लांबून अलॉयसारखी, म्हणजे हलक्या मिश्रधातूच्या चाकांसारखी दिसतात, पण असतात पोलादी. मला पहिल्या दिवसापासून हवी होती मिनीलाइट. साठच्या दशकात इंग्लंडमध्ये मिनी या छोट्या गाडीसाठी निघालेलं हे आठ आऱ्यांचं मॅग्नेशियमचं चाक, म्हणजेच मॅग व्हील. त्यात सजावट म्हणून काहीच नाही. आरा जिथे रिमला मिळतो तिथे रुंद होतो, कारण भार तिथे पसरायला हवा. आऱ्यांमधल्या मोकळ्या जागेतून ब्रेकला वारा लागतो. जे दिसतं ते सगळं कामाचं, म्हणूनच ते इतकं देखणं आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिरोलीला आण्णांची फौंड्री होती, त्यामुळे कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, उलटंपालटं करून बघितल्याशिवाय हातातून सोडायचं नाही ही सवय लहानपणापासूनची. इथे कॉव्हेंट्रीत राहायला आल्यावर एका विक्रेत्याकडून चार चाकं घेतली तेव्हा तीच कामी आली. समोरून चारही चाकं झकास होती, ताजा चंदेरी रंग मारलेला. म्हणूनच सांगतो, पैसे मोजण्याआधी चाक पालथं करा. पुढची बाजू विकणाऱ्याची, मागची तुमची.

धातू ओळखा. याच नमुन्याची ॲल्युमिनियमची चाकं आज सर्रास मिळतात आणि रोजच्या वापराला तीच बरी. पण मॅग्नेशियमचा भाव देऊन ॲल्युमिनियम घेऊ नका. मॅग्नेशियमची घनता 1.74, ॲल्युमिनियमची 2.7, त्यामुळे हातात घेतल्यावर फरक कळतो. खात्री करायची तर आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, नखाएवढा रंग खरवडा आणि उघड्या धातूवर पांढऱ्या व्हिनेगरचा एक थेंब टाका. मॅग्नेशियम असेल तर लगेच बारीक बुडबुडे फसफसतात, ॲल्युमिनियम ढिम्म राहतं. थेंब पुसून पाण्याने धुवा आणि कोरडं करून त्या जागी प्रायमर लावा. माझ्या चारपैकी दोन चाकं फसफसली, दोन गप्प राहिली. विकताना मात्र चारही मॅग्नेशियमची म्हणून सांगितलं होतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: मॅग्नेशियमवर ग्राइंडर फिरवू नका. त्याचा कीस पेट घेतो आणि पाणी टाकलं की आग आणखी भडकते. त्यावर कोरडी वाळूच लागते.

वाजवून बघा. माठ घेताना वाजवतो तसंच. टायर काढलेलं चाक दोरीला टांगा आणि लाकडी हातोडीने हलकेच टिचकी मारा. चांगलं चाक घुमत राहतं, तडकलेलं बद्द वाजतं. आण्णा नुसत्या आवाजावरून कास्टिंग बाजूला काढायचे. पण आवाज चांगला आला म्हणजे चाक पास झालं असं समजू नका. बारीक तडा कानाला कळत नाही.

डीपी (डाय पेनेट्रंट) टेस्ट करा, म्हणजे बारीक तड्यात लाल डाय शिरवून तो रेघेसारखा उमटवायची तपासणी. हे टाळूच नका. तीन कॅन लागतात: क्लीनर, लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर. आधी रंग रसायनाने उतरवा. वाळूचा किंवा छर्ऱ्यांचा मारा करून उतरवू नका, कारण त्याने तड्याचं तोंड ठेचून बंद होतं आणि मग डाय आत शिरत नाही. चाक क्लीनरने पुसा, वाळू द्या, डाय मारा आणि पंधरा मिनिटं थांबा. मग कापडावर क्लीनर घेऊन डाय पुसा. क्लीनर थेट चाकावर मारलात तर तड्यातला डायही धुऊन निघेल. शेवटी डेव्हलपरचा पातळ थर द्या.

बघायच्या जागा तीन: नटांच्या भोकांभोवती, आऱ्याच्या बुडाशी आणि रिमच्या आतल्या काठाला. माझ्या तिसऱ्या चाकात नटाच्या भोकापासून आऱ्याकडे केसाएवढी लाल रेघ उमटली. आधी मला वाटलं, नीट पुसलं गेलं नसेल. पुन्हा सगळं केलं, रेघ पुन्हा तिथेच. तडा वेल्डिंग करून बुजवू नका. ते चाक आता गॅरेजच्या भिंतीवर आहे आणि तिथेच राहील.

पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजून चढवलेला रंग, मी करत नाही. भट्टीतली उष्णता जुन्या धातूला मानवत नाही आणि जाड थराखाली पुढचे तडे झाकले जातात. साधा पातळ रंग पुरे.

नट. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. पोलादी चाकाचा निमुळता नट प्रत्येक अलॉयला चालत नाही. जुन्या मिनीलाइटला सरळ दांड्याचा नट आणि खाली सपाट वॉशर लागतो. नट भोकात कसा बसतो ते बोट फिरवून बघा. एमजीबीचे स्टड, म्हणजे ज्यांवर नट चढतो ते बोल्ट, अर्धा इंची यूएनएफ, म्हणजे इंचाला 20 आटे. अलॉयची बैठक जाड असते, म्हणून नट हाताने फिरवत मोजा: किमान दहा पूर्ण फेरे बसले पाहिजेत. सात-आठ फेऱ्यांतच आवळला गेला तर लांब स्टड बसवा.

तुमच्या एमजीबीला तारांच्या आऱ्यांची चाकं असतील तर थांबा. तिचा हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) वेगळा आणि मागचा ॲक्सलही आखूड, त्यामुळे ही चाकं थेट बसत नाहीत.

हबवर गंज राहू देऊ नका, तारेच्या ब्रशने घासून ग्रीसचा अगदी पुसट हात फिरवा. आट्यांना ग्रीस नको, टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या जोराचा, आकडा खोटा येतो. नट समोरासमोरचे आवळा, टॉर्क रेंचनेच, 60 ते 65 फूट-पौंडांवर. चाकाच्या उत्पादकाने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. नट आवळायची एअर गन लांब ठेवा. मीठ टाकलेल्या हिवाळी रस्त्यावर मॅग्नेशियम नेऊ नका, पोलादाला टेकलेल्या जागेपासून ते झपाट्याने कुजतं.

चाळीस वर्षांपुढच्या गाड्यांना ब्रिटनमध्ये एमओटीची वार्षिक तपासणी सक्तीची नाही. म्हणजे दर वर्षी कुणी खाली वाकून तुमची चाकं बघणार नाही. मी दर वसंतात चारही चाकं काढून बघतो.

शेवटी मी चारही चाकं नवी, ॲल्युमिनियमची, त्याच नमुन्याची घेतली आणि 185/70 आर 14 टायर चढवले. नवी चाकं लावल्यावर 80 किलोमीटरच्या आसपास नट पुन्हा तपासावे लागतात. आमच्या घरापासून ॲबिंग्डन साधारण तेवढंच लांब. तिथला एमजीचा कारखाना 1980 मध्ये बंद झाला, तरी पहिली फेरी मी तिकडेच काढली. गाव आल्यावर चाकं निवू दिली आणि रस्त्याकडेला टॉर्क रेंच लावला. सोळापैकी दोन नट किंचित फिरले.