कमी खर्चातला ब्रिटिश दरोडापट लिहिताना या चुका टाळा

लंडनमधली टोळी, एक तिजोरी, दगाबाजी आणि मग सूड, एवढ्या भांडवलावर कमी खर्चाचा थरारपट लिहायला घेणाऱ्यांची पटकथा बहुधा मध्यावर दुभंगते. पहिला अर्धा भाग दरोड्याचा आणि दुसरा सूडाचा होतो, आणि दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे कोठून तरी उपटलेला एखादा बडा गुंड असतो, जो नायकाच्या भावाला मारतो. दुखणे मात्र दुसऱ्या भागात नसून पहिल्यात असते, कारण दरोड्याच्या रात्री टोळीत कोणाचे कोणाशी बिनसले हे लेखकाने ठरवलेलेच नसते. सूडाचे बी वाटणीत पेरलेले असले, तर बाहेरून खलनायक आणावा लागत नाही आणि एका नटाचे मानधनही वाचते.

याचा उत्तम नमुना खऱ्या घटनेत सापडतो. एप्रिल 2015 मध्ये ईस्टरच्या सुट्टीत लंडनच्या हॅटन गार्डन या जवाहिऱ्यांच्या वस्तीतील एका सेफ डिपॉझिटच्या तळघरात बहुतांशी वयोवृद्ध असलेली टोळी लिफ्टच्या पोकळीतून उतरली. त्यांनी काँक्रीटच्या सुमारे 50 सेंटिमीटर जाडीच्या भिंतीत हिऱ्याच्या दातांच्या ड्रिलने एकमेकांना लागून तीन भोके पाडली. भिंत फुटली, पण पलीकडचे लोखंडी कपाट हायड्रॉलिक यंत्राने ढकलताना ते यंत्रच निकामी झाले आणि मंडळी रिकाम्या हाताने परतली. सर्वांत ज्येष्ठ साथीदार पुन्हा आलाच नाही. दुसरा एक जण पुढच्या खेपेला बाहेरचे दार बंद दिसताच माघारी फिरला. उरलेल्यांनी नवे यंत्र विकत आणून काम फत्ते केले आणि सुमारे 1.4 कोटी पौंडांचा ऐवज पळवला. पोलिसांनी नंतर त्यांच्या मोटारींत लपवलेल्या ध्वनिग्राहकांनी जे टिपले, त्यात मागे हटलेल्या या दोघांची यथेच्छ टवाळी आहे. जो भ्याला त्याला वाटा द्यायचा का, या एका प्रश्नावर दीड तासाचा सूडपट उभा राहू शकतो आणि त्यातला निम्मा एका उभ्या मोटारीत चित्रित करता येतो.

दरोड्याचा प्रसंगही याच हिशेबाने लिहावा. पैसे नसताना लेखक लेझर किरणांची जाळी आणि संगणकावर भराभर उलगडणारे सांकेतिक क्रमांक लिहितो, आणि ते पडद्यावर शाळेच्या स्नेहसंमेलनासारखे दिसते. त्यापेक्षा एक भिंत, कान किटवणारा ड्रिल, त्याला थंड ठेवण्यासाठी सोडलेले पाणी, बुटांपर्यंत आलेला राखाडी चिखल आणि गुडघे धरून बसलेला साठीचा माणूस दाखवावा. 8 ऑगस्ट 1963 रोजी बकिंगहॅमशायरमध्ये टपालगाडी लुटणाऱ्यांनी हिरव्या सिग्नलवर हातमोजा चढवला आणि बॅटऱ्यांवर लाल दिवा पेटवला. अख्खी गाडी थांबवायला एवढे साहित्य पुरले, मग आपल्या पटकथेला हेलिकॉप्टर कशाला हवे?

लुटीचे वजन ही तर जवळजवळ प्रत्येक पटकथेतली चूक आहे. वीस पौंडांच्या नोटांत दहा लाख पौंड म्हणजे 50,000 नोटा होतात, आणि एका नोटेचे वजन साधारण एक ग्रॅम धरले तर ते सिमेंटच्या एका पोत्याइतके भरते. तरीही नट ती बॅग बोटावर लटकवून जिना चढतो. 1963 च्या त्या दरोडेखोरांना सुमारे 120 पोती हातोहात उतरवावी लागली होती. बॅगेत जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे भरावेत, म्हणजे नटाचा खांदा आपोआप खरे बोलू लागतो.

पिस्तुलांबाबत थोडक्यात सांगायचे तर ती कमी करावीत. डनब्लेन येथील शाळेत 1996 मध्ये झालेल्या हत्याकांडानंतर 1997 च्या कायद्यांनी इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये खासगी पिस्तुलांवर जवळपास संपूर्ण बंदी आली, आणि रस्त्यावर गस्त घालणारा सामान्य पोलीसही निःशस्त्र असतो. त्यामुळे प्रत्येक पात्राच्या कमरेला पिस्तूल दिसले की प्रेक्षकाला कथा शिकागोत गेल्यासारखी वाटते. सगळ्या चित्रपटात एकच शस्त्र असावे, तेही कोणाकडून मिळवले हे ठाऊक असावे. खोटे पिस्तूलसुद्धा रस्त्यावर काढायचे असेल तर पोलिसांना आधी कळवावे, कारण कोणी घाबरून दूरध्वनी केला तर येणारे पथक मात्र सशस्त्र असते.

संवादांतही असाच अतिरेक होतो. खबऱ्याला ‘ग्रास’, पाचशे पौंडांना ‘मंकी’ आणि पंचवीस पौंडांना ‘पोनी’ म्हणतात हे कळले की लेखक प्रत्येक ओळीत ते ठासतो. मुंबईच्या गुंडपटांत प्रत्येक जण ‘पेटी’ आणि ‘खोका’ म्हणू लागला की कसे वाटते, ते आठवून पाहावे. एकमेकांना तीस वर्षे ओळखणारी माणसे अर्धी वाक्ये गिळतात.

नायक तुरुंगातून सुटतो आणि त्याच संध्याकाळी शत्रूच्या शोधात निघतो, ही चूक मात्र सुधारली तर पटकथेला नवा श्वास मिळतो. इंग्लंडमध्ये ठरावीक मुदतीची मोठी शिक्षा झालेला कैदी सहसा मुदतीचा काही भाग बाहेर, ‘लायसन्स’वर काढतो. त्याला प्रोबेशन अधिकाऱ्याकडे हजेरी द्यावी लागते, परवानगीशिवाय परदेशी जाता येत नाही आणि अट मोडली तर पुन्हा आत जावे लागते. म्हणजे सूड घ्यायचा तो दोन हजेऱ्यांच्या मधल्या दिवसांत. टिकटिकणारे घड्याळ फुकट मिळाले असताना लेखक ते का वापरत नाही, हे मला कधीच समजलेले नाही.

त्याने पुरून ठेवलेल्या पैशांचेही तेच. 2014 मध्ये पुरलेल्या वीस पौंडांच्या नोटा कागदी असणार, कारण प्लॅस्टिकची वीसची नोट 2020 मध्ये आली आणि 30 सप्टेंबर 2022 नंतर कागदी वीस व पन्नासच्या नोटा दुकानांत चालेनाशा झाल्या. नोव्हेंबर 2016 मध्ये रांगेत उभ्या राहिलेल्या मराठी माणसाला ही धास्ती समजावून सांगावी लागत नाही. बँक ऑफ इंग्लंड जुनी नोट केव्हाही बदलून देते, पण टपालाने पाठवायची नसेल तर लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या बँकेच्या खिडकीशी जाऊन ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा पुढे करावा लागतो. दहा वर्षे तोंड मिटून बसलेला नायक त्या खिडकीसमोर, मातीचा वास येणारे बंडल हातात घेऊन, आपले नाव सांगायला उभा राहतो. हा प्रसंग लिहावा, आणि गोदामातला गोळीबार खुशाल कापून टाकावा.