पन्नाशीच्या आत वॉल्व्ह बदलायचा आहे: टावी की ऑपरेशन?

टावीत मांडीच्या धमनीतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, नेऊन हृदयाचा नवा एऑर्टिक वॉल्व्ह (हृदयातून महाधमनीत रक्त सोडणारी झडप) जुन्याच्या आतच उघडतात. छाती उघडावी लागत नाही, रुग्ण दोन-चार दिवसांत घरी जातो. मग पस्तिशीच्या रुग्णाला सर्जनकडे का पाठवतात? कारण त्याच्या बाबतीत आधी विचारायचं असतं ते हे, की हा वॉल्व्ह खराब झाल्यावर पुढे काय करणार?

टावीचा वॉल्व्ह धातूच्या जाळीत बसवलेला, जनावराच्या ऊतीचा असतो. असे वॉल्व्ह साधारण 10 ते 15 वर्षं चालतात. तरुण शरीरात त्यांवर कॅल्शियम लवकर साचतं. दुसऱ्या वेळी टावीतच टावी बसवली, तर आधीच्या पाकळ्या जाळीला चिकटून कॉरोनरीचं, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमनीचं, तोंड झाकलं जाऊ शकतं. जाळी काढायची म्हटलं, तर ती महाधमनीच्या भिंतीत रुतलेली असते आणि ते ऑपरेशन पहिल्यापेक्षा खूप अवघड.

इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट नीट वाचा. मुंबईत केईएम किंवा सायन हॉस्पिटलच्या ओपीडीत तरुणांमध्ये रुमॅटिक आजार (घशाच्या संसर्गानंतरच्या तापाने वॉल्व्ह खराब होणं) आजही दिसतो. त्यात बहुधा मायट्रल वॉल्व्ह (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) बिघडलेला असतो. टावी मात्र एऑर्टिकसाठी आहे. शिवाय कॅल्शियम नसलेल्या वॉल्व्हमध्ये जाळीला नीट पकड मिळत नाही. ‘बायकस्पिड’, म्हणजे तीनऐवजी दोनच पाकळ्यांचा वॉल्व्ह, असं लिहिलं असेल, तर महाधमनीची रुंदी विचारा. ती 45 मिमी किंवा जास्त असेल, तर सर्जन त्याच ऑपरेशनात तीही बदलू शकतो. टावीत हे होत नाही.

पन्नाशीच्या आत सहसा धातूचा, म्हणजे मेकॅनिकल वॉल्व्ह सुचवतात. तो टिकतो, पण वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम ही रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर. रक्त किती पातळ आहे हे दाखवणारा आयएनआर एऑर्टिकला साधारण 2 ते 3, मायट्रलला 2.5 ते 3.5. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या इथे चालत नाहीत. मेथी, अळू, पालक बंद करू नका, आठवड्याचं प्रमाण सारखं ठेवा; श्रावणात भाजी अचानक वाढली की आयएनआर घसरतो आणि वॉल्व्हवर गुठळी धरू शकते. मूल हवं असेल, तर हे ऑपरेशनआधीच सांगा. वॉरफरिनमुळे गर्भाला, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, इजा होऊ शकते. अशा वेळी टिश्यू, म्हणजे जनावराच्या ऊतीच्या, वॉल्व्हचा विचार करतात.

टिश्यू ठरला तर सर्जनला माप विचारा. 19 मिमीच्या वॉल्व्हमध्ये पुढे टावी बसवली, तर रक्ताला वाट अपुरी पडते. महाधमनीचं मूळ रुंदावून मोठा वॉल्व्ह बसवता येईल का, हे त्याच भेटीत विचारायचं. डिस्चार्जच्या वेळी कंपनी, मॉडेल आणि माप लिहिलेलं वॉल्व्ह कार्ड मागून घ्या.

छातीला पूर्वी रेडिएशन दिलं असेल किंवा लिव्हर खूप खराब असेल, तर तरुणातही टावीचा विचार होतो.