बुटांच्या खोक्यातून प्रकाश वाचताना

गॅसवर वरण उतू गेले की निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. ती पिवळीच का होते, हिरवी किंवा जांभळी का नाही, याचे उत्तर अणूंच्या रचनेत दडलेले आहे. ते उत्तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे असेल, तर बुटांचे रिकामे खोके, एक जुनी सीडी आणि दाढीचे एक पाते एवढे साहित्य पुरते. या साहित्यातून वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशातले रंग वेगवेगळे करून दाखवणारे यंत्र, कसा तयार करावा आणि त्यातून काय पाहावे, ते येथे सांगतो.

सुरुवात सीडीपासून करावी. सीडीवरची सर्पिल रेघ एकेका वेढ्यात १.६ मायक्रोमीटरचे अंतर ठेवून फिरते, म्हणजे एका मिलिमीटरात सुमारे सव्वासहाशे रेघा बसतात. इतक्या जवळ असलेल्या रेघांवरून प्रकाश गेला की त्याची प्रत्येक तरंगलांबी, म्हणजे प्रत्येक रंग, वेगळ्या कोनात वळते, आणि आपल्याला नेमके हेच हवे असते. सीडीची चकाकी मात्र काढून टाकावी लागते, कारण आपल्याला तिच्यातून आरपार पाहायचे आहे. छापील बाजूवर कटरने दोन-चार ओरखडे काढावेत, त्यावर रुंद चिकटपट्टी घट्ट दाबून बसवावी आणि एका झटक्यात ओढावी. चंदेरी थर पट्टीबरोबर निघून येतो आणि खाली स्वच्छ प्लास्टिक उरते. घरी रेकॉर्ड केलेली सीडी असेल तर रंगाचा पातळ थर मागे राहतो, तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा. डीव्हीडी यासाठी घेऊ नये, कारण तिचा चंदेरी थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो आणि चिकटपट्टी तिथवर पोहोचतच नाही.

आता काठाजवळचा दोन सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा कात्रीने कापावा. सीडी हाताने मोडली तर तिच्या कपच्या उडतात, म्हणून ती आधी गरम पाण्यात थोडा वेळ ठेवावी आणि कापताना डोळ्यांवर चष्मा असू द्यावा. तुकड्याची कोणती बाजू मूळ काठाची होती, याची खूण करून ठेवावी. रेघा त्या काठाला समांतर असतात आणि पुढे ही खूण लागणार आहे.

खोके साधारण ३० सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर रुंद असावे. ते आडवे ठेवून समोरच्या अरुंद भिंतीवर, डाव्या कडेपासून ३ सेंटिमीटर आत, एक उभी खिडकी कापावी. दाढीच्या पात्याचे पक्कडीने धरून लांबीत दोन भाग करावेत आणि त्यांच्या धारदार कडा एकमेकींसमोर येतील असे खिडकीवर चिकटवावेत. मधली फट जुन्या पोस्टकार्डाच्या जाडीइतकी आणि तंतोतंत उभी हवी. बहुतेकांचे यंत्र याच टप्प्यावर बिघडते: फट रुंद राहिली तर सगळे रंग एकमेकांत मिसळतात आणि दिसते ते नुसते इंद्रधनुष्य. आपल्या बाजूच्या भिंतीवर, फटीच्या अगदी समोर, बोटभर छिद्र पाडून त्यावर सीडीचा तुकडा बसवावा. खुणेची कड फटीला समांतर, म्हणजे उभी, राहिली पाहिजे. फटीच्या खालच्या टोकाच्या पातळीवर, फटीपासून उजवीकडे दर सेंटिमीटरला टाचणीने एकेक बारीक भोक पाडावे. बाहेरच्या उजेडामुळे ही भोके आतून ठिपक्यांसारखी चमकतात आणि अंधाऱ्या खोक्यात मोजपट्टीचे काम करतात. झाकण लावून सांधे काळ्या चिकटपट्टीने बंद केले की काम झाले.

सीडीचा तुकडा बसवलेल्या छिद्राला डोळा लावून फट दिव्याकडे रोखावी. समोर फट दिसेल आणि तिच्या उजवीकडे, सुमारे ८ ते १५ सेंटिमीटरांच्या दरम्यान, रंगांचा पट्टा दिसेल. सूर्याकडे मात्र हे खोके कधीही रोखू नये. दिवसा पाहायचे असेल तर उन्हात ठेवलेला पांढरा कागद किंवा पांढरा ढग पुरेसा असतो.

पहिल्यांदा तारेचा जुना पिवळा बल्ब पाहावा. त्याचा पट्टा जांभळ्यापासून लाल रंगापर्यंत कुठेही न तुटता सलग दिसतो, कारण तापलेल्या घन तारेतले अणू एकमेकांना इतके चिकटून असतात की एकट्या अणूची ओळख शिल्लकच राहत नाही. त्यानंतर पांढरा एलईडी पाहावा. तोही वरवर सलगच वाटतो, पण निळ्या रंगाचा एक ठसठशीत पट्टा, मग एक मंद जागा आणि पुढे हिरव्यापासून लाल रंगापर्यंतचा पसारा, अशी त्याची मांडणी असते. आतली चकती निळा प्रकाश देते आणि तिच्यावरचा पिवळा लेप त्यातला काही भाग बाकीच्या रंगांमध्ये बदलतो. जुनी ट्यूबलाइट समोर धरली की मात्र दृश्य पालटते. मंद पट्ट्यावर काही रेषा लख्ख उमटतात, आणि त्यांतली हिरवी रेषा फटीपासून जवळपास १०.९ सेंटिमीटरांवर, तर निळी ८.५ सेंटिमीटरांवर सापडते. त्या ट्यूबमधल्या पाऱ्याच्या वाफेच्या रेषा आहेत. तिन्ही दिव्यांना डोळा ‘पांढरा’ किंवा ‘पिवळसर’ एवढेच म्हणतो. हा फरक त्याला कळतच नाही.

हे अंतर तरंगलांबीत बदलण्याचे गणित शाळेतलेच आहे. रेषेचे फटीपासूनचे अंतर आणि खोक्याची लांबी या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू धरून कर्ण काढावा, रेषेच्या अंतराला कर्णाने भागावे आणि येणाऱ्या संख्येला १६०० ने, म्हणजे सीडीच्या रेघांमधल्या नॅनोमीटरमधील अंतराने, गुणावे. उत्तर नॅनोमीटरमध्ये मिळते. १०.९ आणि ३० यांचा कर्ण सुमारे ३१.९ येतो आणि तरंगलांबी ५४६ च्या आसपास निघते. पाऱ्याच्या हिरव्या रेषेची खरी तरंगलांबी ५४६.१ नॅनोमीटर आहे. बुटांच्या खोक्याने एवढे अचूक उत्तर द्यावे, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

आता पुन्हा स्वयंपाकघरात यावे. दिवे मालवावेत, स्टीलच्या तारेचे टोक ओले करून मिठात बुडवावे आणि दुसऱ्या कोणाला तरी ते पक्कडीने धरून गॅसच्या ज्योतीत ठेवायला सांगावे. आपण पुठ्ठ्याचे खोके घेऊन दोन हात दूर उभे राहावे. ११.९ सेंटिमीटरांजवळ एकच पिवळी रेषा झळकते. तार धुऊन, मिठाऐवजी खाण्याचा सोडा लावून पाहिले तरी रेषा त्याच जागी येते, कारण दोन्ही पदार्थांत सोडियम आहे. सोडियमच्या अणूच्या सर्वांत बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो. ज्योतीच्या उष्णतेने तो वरच्या पायरीवर जातो आणि परत उतरताना पायऱ्यांमधल्या फरकाइतकीच, म्हणजे सुमारे २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजण्याचे एकक), ऊर्जा प्रकाशकणाच्या रूपाने बाहेर टाकतो. पायऱ्यांची उंची ठरलेली असल्यामुळे रंगही ठरलेला असतो. खरे तर येथे ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन रेषा असतात, पण त्या वेगळ्या करण्याची आपल्या खोक्याची ताकद नाही.

रेषा ही रेषेसारखीच का दिसते, हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. त्याचे कारण अणूत नसून आपल्या फटीत आहे: दिसते ती त्या एका रंगातली फटीचीच प्रतिमा असते. फटीऐवजी गोल भोक पाडले असते, तर तिथे पिवळा ठिपका दिसला असता.

प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा त्याच्या स्वतःच्या असतात, हे बुन्सेन आणि किर्चहॉफ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८५९-६० मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे प्रस्थापित केले, आणि तेव्हापासून सूर्यावर काय आहे हे पृथ्वीवर बसून सांगता येऊ लागले. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात जान्सेन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने गुंटूरहून सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांमधल्या तेजस्वी रेषा पाहिल्या. लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, त्या इंग्लंडमधून पाहिल्या. आपल्याकडे त्याचे नाव विजयदुर्गाशी जोडले जाते, पण त्या ग्रहणाच्या वेळी तो भारतात नव्हता. त्या रेषांमधली पिवळी रेषा सुरुवातीला सोडियमचीच वाटली होती. तिची तरंगलांबी सुमारे ५८७.५ नॅनोमीटर आहे. म्हणजे आपल्या खोक्यात ती मिठाच्या रेषेपासून अर्धा मिलिमीटरही दूर पडली नसती. एवढ्याशा फरकावरून हेलियम हे नवे मूलद्रव्य सुचवले गेले, आणि रॅम्झे या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाला ते पृथ्वीवर सापडायला १८९५ साल उजाडावे लागले.