नेत्यामागे उभे कसे राहावे

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून आधी स्वतः त्रिशरण आणि पंचशील ग्रहण केले आणि मगच समोर जमलेल्या लाखो लोकांना दीक्षा दिली. त्या वेळच्या २२ प्रतिज्ञा प्रत्येकाने ‘मी’ म्हणून, म्हणजे जबाबदारी स्वतःवर घेऊन उच्चारायच्या आहेत. त्याआधी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, त्यांनीच संविधान सभेत राजकारणातील विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला होता. नेता आणि अनुयायी यांचे नाते समजून घेण्यासाठी नागपूरकरांना लांब जावे लागत नाही.

मंडळात, संस्थेत किंवा कार्यालयात हे नाते सुधारायचे असेल, तर सुरुवात अनुयायाने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. रॉबर्ट केली या अमेरिकी अभ्यासकाने १९८८ मध्ये अनुयायाला दोन कसोट्या लावल्या: तो स्वतःच्या डोक्याने विचार करतो का, आणि कामाला स्वतःहून हात लावतो का. नुसताच राबणारा होयबा ठरतो, तर नुसताच विचार करणारा काठावर बसून दोष काढत राहतो. आपण यांपैकी कोणत्या बाजूला झुकतो, हे आधी प्रामाणिकपणे तपासावे.

मतभेद मांडण्याची वेळ निर्णयाच्या आधीची असते. ‘मला पटत नाही’ एवढे म्हणून थांबू नये. आपण काय पाहिले, त्यामुळे काय बिघडेल आणि त्याऐवजी काय करता येईल, हे सांगावे. आक्षेप कामाविषयी असेल तर बैठकीत बोलावे आणि नेत्याच्या वागण्याविषयी असेल तर त्याला एकट्याला गाठावे. बैठकीत नंदीबैलासारखी मान डोलावून नंतर चहाच्या टपरीवर तोच निर्णय मोडीत काढणे, ही मला सर्वांत घातक सवय वाटते. मात्र आपले म्हणणे ऐकून घेऊनही निर्णय वेगळा झाला, तर तो आपलाच समजून मनापासून राबवावा. त्यात खोटेपणा किंवा कोणाची हानी असेल, तेव्हा उघड नकार देणे हेच अनुयायाचे कर्तव्य आहे.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे पायी येणाऱ्यांना आमचा लहानसा गट पाणी देतो. एका वर्षी जागा मी ठरवली. गटातील सर्वांत तरुण मुलाने ‘पण तिकडून...’ एवढेच शब्द उच्चारले आणि मी पुढच्या विषयाकडे वळलो. त्या दिवशी दुपारी, ऑक्टोबरच्या रखरखीत उन्हात, लोकांचा ओघ पलीकडच्या रस्त्याने वाहत होता आणि वीस लिटरचे बारा कॅन आमच्याजवळ भरलेले पडून होते. आम्ही उभे होतो तो रस्ता बंद राहणार असल्याचे त्या मुलाला आदल्या दिवशीच कळले होते. त्याने पुन्हा सांगायला हवे होते, हे खरे. पण त्याचे वाक्य तोडणारा मीच होतो.

म्हणून नेत्याने बैठकीत आपले मत शेवटी सांगावे आणि वयाने किंवा पदाने सर्वांत लहान असलेल्याला पहिल्यांदा विचारावे, कारण वरिष्ठ एकदा बोलले की बाकीचे त्यांचीच री ओढतात. ज्याने चूक दाखवली, त्याचे आभार सर्वांसमोर मानावेत. माहिती स्वतःजवळ कोंडून ठेवू नये, म्हणजे आपल्या गैरहजेरीतही काम अडत नाही. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात जमनालाल बजाज यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली आणि सत्याग्रह चालूच राहिला.

पुढच्या वर्षीच्या पहिल्या बैठकीत मी सर्वांत शेवटी बोललो. त्या मुलाने वहीच्या पानावर रस्ते आखून कॅन कुठे असावेत ते दाखवले, आणि आम्ही ते तिथेच ठेवले.