परदेशात अनोळखी माणसांचे फोटो काढताना या चुका टाळा

पुण्यात जो कॅमेरा धरायला शिकला, त्याला माणसांचे फोटो काढायची सवय फार लवकर लागते. आषाढात पालख्या नाना पेठेत आणि भवानी पेठेत मुक्कामाला असतात, तेव्हा वारकऱ्यांच्या अगदी पुढ्यात जाऊन फोटो काढले तरी सहसा कुणी रागावत नाही. उलट डोक्यावरचं तुळशीवृंदावन सावरून एखादी माऊली नीट उभी राहते. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर ढोल-ताशा पथकातल्या मुलामुलींना कॅमेरा समोर दिसला की आणखी चेव येतो. मंडईत "मावशी, एक फोटो काढू का?" म्हटलं की मावशी पदर सारखा करून "काढ की" म्हणते आणि शेजारच्या गाळ्यावरून आवाज येतो, "आमचा पण!"

ही माणसं मनाने मोठी आहेत. आपण मात्र तेच औदार्य क्योतोत, दुबईत, मोरोक्कोतही गृहीत धरतो. परदेशात फोटोवरून होणारे बहुतेक खटके या एका गृहीतकातून होतात.

आधी फोटो, मग परवानगी

"विचारलं की चेहऱ्यावरचे भाव जातात, म्हणून गुपचूप काढावा" असं हौशी फोटोग्राफर नेहमी सांगतात. भाव बदलतात हे खरंच आहे. पण त्याला उपाय आहे. विचारा, ती व्यक्ती ताठ उभी राहील, तो फोटो काढा, स्क्रीनवर दाखवा, आभार माना आणि तिथेच दोन मिनिटं थांबा. माणूस पुन्हा आपल्या कामाला लागतो, भजी तळतो, जाळं विणतो, गिऱ्हाइकाशी बोलतो. तुम्ही अजून तिथे आहात आणि कॅमेरा हातात आहे, हे त्याला माहीत असतं आणि ते त्याला चालत असतं. मनासारखा फोटो बऱ्याचदा या दुसऱ्या फेरीत मिळतो.

विचारायला भाषा यायलाच हवी असं नाही. कॅमेरा थोडा वर उचलून दाखवायचा, भुवया उंचावायच्या, हसायचं आणि उत्तराची वाट बघायची. तरी दोन शब्द पाठ असले तर समोरच्याचा चेहरा खुलतो. जपानमध्ये "शाशिन, ई देस का?", थायलंडमध्ये "थाय रूप दाय माय?", अरबी बोलणाऱ्या देशांत "मुम्किन सूरा?" एवढं पुरे.

नकार ओळखणं त्याहून महत्त्वाचं. तोंड फिरवणं, हाताने चेहरा झाकणं, चालण्याचा वेग वाढवणं, हे सगळे नकारच. जपानमध्ये हसून चेहऱ्यासमोर हात आडवा हलवला तरी त्याचा अर्थ "नको" असाच. हसू दिसलं म्हणून होकार समजू नका.

लांबून झूम लेन्स लावून काढलेला फोटोही विनापरवानगीच असतो. अंतर वाढवल्याने समोरच्याला कळत नाही, एवढाच फरक.

"रस्ता सार्वजनिक आहे, मग कुणाची हरकत?"

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यावर दिसणाऱ्या माणसाचा फोटो काढायला साधारणपणे कायद्याची आडकाठी नाही. पण तो नियम सगळीकडे चालतो असं समजू नका. फ्रान्समध्ये आणि जर्मनीत माणसाचा स्वतःच्या चेहऱ्यावरचा हक्क कायद्याने मानलेला आहे. जर्मनीतला कायदा १९०७ चा आहे आणि त्यामागची हकीकत लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८९८ मध्ये जर्मनीचा माजी चान्सलर बिस्मार्क वारला, त्या रात्री दोन फोटोग्राफर त्याच्या खोलीत घुसले आणि त्यांनी मृतदेहाचे फोटो काढले. त्यावरून मोठा गदारोळ झाला आणि पुढे हा कायदा आला. काही अपवाद सोडले तर ज्याचा फोटो आहे त्याच्या संमतीशिवाय तो प्रसिद्ध करता येत नाही. हंगेरीने २०१४ मध्ये एक पाऊल पुढे टाकलं. तिथे प्रसिद्ध करायलाच नव्हे, फोटो काढायलाही संमती लागते.

इथे आपले लोक एक गोष्ट विसरतात. इन्स्टाग्रामवर टाकलेली स्टोरी, फेसबुकवरचा अल्बम, यूट्यूबवरचा व्हिडिओ हेही प्रसिद्ध करणंच आहे. त्यासाठी मासिकाचा संपादक असावं लागत नाही.

कॅनडातला एक खटला मला फार बोलका वाटतो. माँट्रियलमध्ये एका इमारतीच्या पायरीवर बसलेल्या १७ वर्षांच्या मुलीचा फोटो एका छोट्या कला-मासिकाने तिला न विचारता छापला. फोटोत वावगं काही नव्हतं आणि अंकाच्या जेमतेम ७२२ प्रती खपल्या होत्या. तरी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९८ मध्ये २,००० डॉलर भरपाईचा निकाल तिच्या बाजूने कायम झाला. आपल्या सोसायटीच्या, शाळेच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मिळून किती लोक असतात, ते एकदा मोजून बघा.

दुबईला तर पुण्याहून घरटी कुणी ना कुणी जाऊन आलेलं असतं, म्हणून तिथलं वेगळं सांगतो. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या सायबर कायद्यात दुसऱ्याच्या खासगीपणावर घाला घालणारा फोटो परवानगीशिवाय काढणं, जवळ ठेवणं, पसरवणं हा गुन्हा आहे. शिक्षा किमान सहा महिने कैद किंवा १,५०,००० ते ५,००,००० दिरहम दंड, किंवा दोन्ही. मॉलमध्ये बुरखा घातलेल्या बायका "वेगळ्या दिसतात" म्हणून फोनने टिपणं तिथे अजिबात करू नका. तिथल्या कुटुंबांचे, विशेषतः बायकांचे फोटो हा विषयच सोडून द्या.

माणसाला प्रेक्षणीय स्थळ समजणं

जपानमधल्या क्योतोच्या गिओन भागात संध्याकाळी गेइको (क्योतोतल्या गेशा, म्हणजे पारंपरिक नृत्य-गायन करणाऱ्या कलावंत) आणि माइको (त्यांच्या शिकाऊ मुली) आपल्या कामावर, चहागृहांकडे निघालेल्या असतात. पर्यटक त्यांची वाट अडवायचे, मागे पळायचे, किमोनोला हात लावायचे. अखेर २०१९ मध्ये तिथल्या खासगी गल्ल्यांत फोटोबंदीचे आणि १०,००० येन दंडाचे फलक लागले आणि २०२४ मध्ये काही खासगी गल्ल्या पर्यटकांसाठी बंदच झाल्या. किमोनोतला फोटो हवाच असेल तर पर्यटकांना माइकोसारखं नटवून फोटो काढून देणारे स्टुडिओ क्योतोत आहेत. घरच्याच कुणाला तरी नटवा आणि मनसोक्त काढा.

ॲमस्टरडॅमच्या रेड लाइट भागात आपले पर्यटकही फिरून येतात. तिथे खिडकीत उभ्या असलेल्या बायकांचे फोटो काढायचे नाहीत, हा नियम अगदी काटेकोर आहे. फोन खिशातच असू द्या.

आता समुद्रकिनारा. हे लिहायला अवघड वाटतं, पण लिहिलंच पाहिजे. पट्टाया असो, बार्सिलोना असो की सिडनीचा बाँडाय, पोहण्याच्या कपड्यांतल्या बायकांचे फोटो आपले पुरुष पर्यटक काढतात. समुद्राचा व्हिडिओ घेतल्यासारखं करतात, फोन हळूच वळवतात आणि रात्री ते मित्रांच्या ग्रुपवर जातं. त्या बाईला ते कळतं. तिच्यासोबतच्या माणसांना कळतं आणि आपल्याच ग्रुपमधल्या बायकांनाही कळतं. यात संस्कृतीतल्या फरकाचा काही संबंध नाही. आपल्या बहिणीचा फोटो कुणी असा काढला तर आपण काय म्हणू, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जपानमध्ये विकले जाणारे बहुतेक फोन फोटो काढताना आवाज करतातच आणि तो बंद करता येत नाही, तो बायकांच्या अशाच चोरट्या फोटोंमुळे. किनाऱ्यावर फक्त आपल्या माणसांचे फोटो काढा, आणि फ्रेममध्ये दुसरं कुणी येत असेल तर जागा बदला. सोबतच्या कुणाला असं करताना पाहिलंत तर तिथल्या तिथे थांबवा. टूर मॅनेजरनेही ही सूचना बसमध्ये, उतरण्याआधी, स्पष्ट शब्दांत द्यायला हवी.

लहान मुलं

आपल्याकडे कुणाच्याही बाळाचा गालगुच्चा घेता येतो. युरोपात किंवा अमेरिकेत अनोळखी मुलाचा फोटो काढला तर आईबाप घाबरतात, आणि त्यांचं घाबरणं रास्त आहे. आधी त्यांना विचारा. गरीब देशांत उलटी चूक होते. कंबोडियात, लाओसमध्ये मुलं पळत येतात, तेव्हा विचारायचं कुणाला हेच सुचत नाही आणि धडाधड फोटो निघतात. "मुलं ही पर्यटनस्थळं नाहीत" अशी मोहीम चाइल्डसेफ या चळवळीने कंबोडियातच चालवली. शाळेत, अनाथाश्रमात कॅमेरा घेऊन शिरू नका. फोटोच्या बदल्यात चॉकलेट किंवा पैसे तर मुळीच देऊ नका, कारण त्या कमाईसाठी मुलं शाळा सोडून रस्त्यावर थांबतात.

पूजा आणि शोक

लाओसच्या लुआंग प्रबांगमध्ये पहाटे भिक्खू भिक्षेसाठी ओळीने निघतात. अंतर ठेवा, फ्लॅश वापरू नका, वाट अडवू नका, असं पर्यटकांना तिथे वारंवार सांगावं लागतं. काठमांडूला पशुपतिनाथाच्या घाटावर चिता जळत असतात आणि पलीकडच्या काठावरून कॅमेरे लागलेले असतात. आपल्या पुण्यातल्या वैकुंठ स्मशानभूमीत कुणी परदेशी माणूस असा कॅमेरा लावून बसला असता तर? पोलंडमधल्या ऑशविट्झच्या नाझी छावणीत मारल्या गेलेल्यांचे केस ठेवलेल्या दालनात फोटोला बंदी आहे. बाकी बहुतेक आवारात परवानगी असली, तरी तिथे हसऱ्या सेल्फी काढू नयेत, असं मला अगदी मनापासून वाटतं.

पैशांवरून घासाघीस

मोरोक्कोत माराकेशच्या जमा अल-फना चौकातले गारुडी आणि पाणीवाले, पेरूतल्या कुस्कोमधल्या अल्पाका नावाचे लोकरीचे प्राणी घेऊन बसणाऱ्या बायका, न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधली सोंगं घेतलेली माणसं, या सगळ्यांचं पोट फोटोवर चालतं. चूक होते ती आधी फोटो काढून मग "एवढे कशाला?" म्हणण्यात. रक्कम आधी ठरवा, सुटे पैसे जवळ ठेवा, पटत नसेल तर हसून पुढे जा.

काही बिनसलंच तर

कुणी ओरडलं, अंगावर धावून आलं, तर सगळ्यात आधी कॅमेरा खाली घ्या. पळू नका आणि "मला हक्क आहे" असा वाद घालू नका. हक्क असला तरी. दिलगिरी व्यक्त करा, फोन आपल्याच हातात ठेवून स्क्रीन त्यांच्याकडे वळवा आणि त्यांच्या डोळ्यांदेखत फोटो डिलीट करा. आयफोनमध्ये डिलीट केलेला फोटो ३० दिवस वेगळ्या फोल्डरमध्ये राहतो आणि बॅकअप घेतलेला असेल तर गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये ६० दिवस. समोरच्याला हे माहीत असू शकतं, म्हणून तिथूनही काढून टाका आणि तेही दाखवा. पोलीस, सैनिक, सीमेवरची चौकी, विमानतळावरचं इमिग्रेशन यांचे फोटो काढूच नका. अधिकाऱ्याने फोन मागितला तर शांतपणे टूर मॅनेजरला किंवा हॉटेलच्या माणसाला बोलावून घ्या.

आणि ज्यांनी आनंदाने फोटो काढू दिला, त्यांना "पाठवतो" म्हणाला असाल तर खरंच पाठवा. ईमेल किंवा व्हॉट्सॲप नंबर तिथल्या तिथे लिहून घ्या आणि त्याच रात्री हॉटेलच्या वायफायवरून पाठवून टाका, कारण पुण्याला परतल्यावर ते राहूनच जातं. आवडत असेल तर लगेच प्रिंट देणारा छोटा इन्स्टंट कॅमेरा सोबत न्या. जिथे फोन नाही, ईमेल नाही, तिथल्या आजीबाईंच्या हातात तिचाच फोटो ठेवता येतो.